मामंजींचं बाकडं

बागेतली बाकडी, गच्चीवरच्या खुर्च्या, पावसाने खाल्लेलं असलं सगळं लाकूड त्यांच्या घरच्या कारखान्यात दुरुस्तीला यायचं, आणि वॉर्निशचा डबा कधी उघडायचा हे थोरल्या सुनेचा गाल ठरवायचा. हाताला कोरडं लागणारं लाकूड आतून ओलं असू शकतं. त्यावर वॉर्निश चढवलं तर ते फुगतं, पापुद्रे निघतात. थोरली लाकडाला गाल टेकवायची आणि गार लागलं की "अजून नाही" म्हणायची. नवरा आणि दीर हसायचे, पण ऐकायचे.

मग धाकटी जाऊ आली. तिचा ब्रश फिरला की कुठे एक ओघळ दिसत नसे. गिऱ्हाइकं तिचंच काम मागू लागली आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. धाकटीचं "ताई, ताई" करत मागे फिरणंही तिच्या डोळ्यांत खुपे.

तरी सासऱ्यांचं अंगणातलं बाकडं दरवर्षी थोरलीच करायची. तो तिचा मान होता. यंदा कुजलेला पाय बदलून झाल्यावर मामंजी म्हणाले, "हे धाकटीला करू दे." थोरली बरं म्हणाली, पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी धाकटी ब्रश पुसत होती. थोरलीने सवयीने बाकड्याच्या नव्या पायाला गाल टेकवला. गार लागला. ती उठली आणि काही न बोलता कपडे वाळत घालायला गेली. होऊ दे फजिती.

फजिती झालीच. थोड्याच दिवसांत वॉर्निश फुगलं. मामंजींनी नखाने पापुद्रा सोलला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की पुन्हा हे बाकडं थोरलीच करेल. तिला हवं होतं ते हेच. धाकटी मान खाली घालून उभी राहिली.

दोघीच उरल्यावर थोरलीला राहवलं नाही. लाकूड वाळलंय का ते बघायचं तरी होतंस, असं तिने सुनावलं.

"तुम्ही गाल टेकवलात ना, ताई. काही बोलला नाहीत, म्हणून मी डबा उघडला."

"मग मामंजींना का नाही सांगितलंस?"

"तुमचा गाल चुकला असं कसं सांगू? सगळं काम त्याच्यावर चालतं."

इथेही हीच वरचढ ठरली, याचाच थोरलीला आधी राग आला. मग तो गाल तापला. तिने सँडपेपर उचलला, बाकड्यापाशी बसली आणि ओसरीवरच्या मामंजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाय गार लागला होता मला, मामंजी. माझा गाल चुकला नव्हता."