लाइन चेक आणि शेवंतीच्या दोन ओळी

२००२ च्या जूनमध्ये पेन्शनवर घरी, म्हणजे सासऱ्यांच्या मळ्यात, आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी ०६३० वाजता सासऱ्यांच्या शेवंतीत खुरपणीला उतरलो आणि ०८०० पर्यंत दीड ओळ शेवंती मुळासकट उपटली. गाजर गवत तेवढं शाबूत ठेवलं. कोवळेपणी दोघांची पानं सारखीच दिसतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. उपटलेली रोपं मात्र बांधावर रांगेत, मुळं एका दिशेला, अशी शिस्तीत मांडली होती.

माझी बायको कमल चहा घेऊन आली आणि रांग बघून थांबली.

"अहो, तोफखान्यात असंच करायचात का? शत्रू ठेवायचा अन् आपली माणसं उडवायची?"

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ते खाली वाकले, एक रोप उचलून बघितलं. "जावईबापू, मुळं ओली हायेत तवर परत लावून टाका. जगतील."

लावली. बरीचशी जगली.

मळा देवळाली कॅम्पच्या अंगाला. फायरिंग रेंजवर सराव सुरू झाला की आमच्या घराचा पत्रा थरथरतो. मामांच्या कोंबड्या मानसुद्धा वर करत नाहीत. त्या आवाजाला घाबरणारा एकच प्राणी मळ्यात होता, आणि त्याने वीस वर्षं तोफखान्यात काढली होती.

खरं तर आवाजाला मी घाबरत नव्हतो. आवाजानंतर जी शांतता पडते, तिला घाबरायचो. हात गार पडायचे. मान एका बाजूला वळायची, कानाला फोन लावल्यासारखी. मी मटकन खाली बसायचो आणि कोणी विचारलंच तर कीड शोधतोय म्हणायचो. त्या दोन महिन्यांत कीड माझ्याइतकी कोणी शोधली नसेल.

याचं मूळ १९९९ मध्ये आहे. गोळे कुठे पडतात ते बघून मागे तोफांना कळवणाऱ्या, उंचावरच्या एका ऑब्झर्वेशन पोस्टवर आम्ही तिघं होतो: मेजर साहेब, रेडिओ आणि फोनवर मी, आणि लाइनमन लान्स नाईक दत्तू. दत्तू सिन्नरकडचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला. टेलिफोनची तार तुटली की जोडून यायची, हे त्याचं काम. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन सज्ज बसायचं, मग चहा, मग दुर्बीण, दर तासाला रिपोर्ट. दिवस असे एकासारखे एक जायचे.

त्या दिवशी १५४० ला गोळाबारीत तार तुटली. दत्तू खाली उतरला. १६१२ ला फोन वाजला, जोडलेल्या जागेवरून दत्तू बोलत होता.

"लाइन चेक. ऐकू येतंय का?"

"येतंय. खरखर आहे. पुन्हा एकदा चेक कर."

"कान साफ करा, हवालदार साब."

"दत्तू, पुन्हा एकदा."

"करतो, करतो..."

गोळा पडला. मी फोन कानाला तसाच धरून होतो. "दत्तू, रिपोर्ट." चार वेळा म्हणालो. लाइन चालू होती. खरखर गेली होती.

लाइन दोनदा चेक करायची, असा नियमच आहे. मेजर साहेबांनीही मला तेच सांगितलं. ते मला रोज पटतं, साधारण दुपारपर्यंत.

सुट्टीवर आलो की दत्तूच्या आईला भेटायला निघायचो. दोनदा नाशिकरोडच्या स्टँडपर्यंत पोचलो. सिन्नरची गाडी लागायची, माणसं चढायची, गाडी सुटायची. घरी येऊन सांगायचो, गाडी फुल होती. मुलगा फोनवर शेवटचं कोणाशी बोलत होता, हे त्या माउलीला माहीत नव्हतं. ते मला सांगावं लागणार होतं.

आता मळ्यातला ऑगस्ट. सकाळचे १०२०. मामा पलीकडच्या ओळीत होते. पाठ अवघडली म्हणून कमरेवर हात ठेवून सरळ उभे राहिले. रेंजवर तोफ डागली गेली. मग शांतता.

मला फक्त दिसलं की एक माणूस उघड्यावर उभा आहे.

"डाऊन!" मी ओरडलो आणि झेप घेतली. आम्ही दोघं पाण्याच्या पाटात पडलो. मामा खाली, मी वर. माझा पंजा त्यांच्या डोक्यावर होता आणि मी ते खाली दाबत होतो. खाली चिखल होता, पाणी होतं. सोड, सोड, असं मी हाताला सांगत होतो. हात ऐकत नव्हता. कमलने कॉलर धरून मला मागे खेचलं तेव्हा मामा खोकत वर आले. त्यांचं मनगट वेगळ्याच दिशेला वळलं होतं.

इतकी भीती मला त्या पोस्टवरही वाटली नव्हती. तिथे निदान मारणारा समोरच्या डोंगरावर होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं, बाबा?"

"पाटात घसरलो," मामा म्हणाले. "जावई हुते म्हून वाचलो."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मामा, मी इथे राहत नाही. पुण्याकडे सिक्युरिटीची नोकरी मिळेल. उद्या अजून कोणाला तरी..."

"जा की. कोण नाय म्हनतंय? आधी शेंडे खुडा. ह्या हप्त्यात नाय खुडले तर दसऱ्याला फुलं नाय, नुसत्या काठ्या. माझा हात मोडलात, आता तुमचा हात माझा."

कमलने मात्र मला दुसऱ्याच दिवशी मिलिटरी हॉस्पिटलला नेलं. गोळ्या मिळाल्या, आणि दर महिन्याला एका डॉक्टरसाहेबांपुढे बसून बोलायचं ठरलं. ते चांगलं झालं. पण बोलायचं काय, हे मला मळ्यातच कळलं.

शेवंतीचा शेंडा खुडला की तिला बाजूने फांद्या फुटतात, फुलं वाढतात. मामांनी मला दोन ओळी दिल्या. स्वतः हात गळ्यात अडकवून, छत्री उघडून बांधावर बसले. थोडक्यात, ऑब्झर्वर ते आणि तोफ मी. हॉस्पिटलातून आल्याच्या दुसऱ्या सकाळी १०१५ ला रेंजवर फायरिंग सुरू झालं. माझी मान वळली.

"काय दिसतंय?" मामांनी विचारलं.

"काही नाही. मामा, तुम्ही घरात जा. माझ्याजवळ थांबू नका."

"मी हाय तिथं बरा हाय. तुम्ही बसा. बसून काय दिसतंय?"

"पान."

"पानाखाली?"

"मावा. काळी बारीक कीड."

"किती?"

"लय."

"मग पुसा बोटानं. हळू. पान फाडू नका, ते बी भ्यालंय."

मी पुसलं. दुसरी तोफ झाली. शांतता आली. गणवेशात असताना मी दिसेल तेवढंच सांगायचो, मनातलं सांगायची परवानगीच नव्हती. तसंच बोलू लागलो. "शेंडा धरलाय. हात हलतोय. तोंड कोरडं. डाव्या पायावर मुंगळा."

"हलू द्या हात. नखानं खुडायचं, ताकदीनं नाय. मुंगळ्याला वाट द्या."

तिसरी तोफ. चौथी. मी रडत होतो, तेही रिपोर्टमध्ये सांगितलं. मामा म्हणाले, "बरं. म्होरलं रोप."

दोन ओळींना तीन तास लागले. शेजारची बाई हे काम पाऊण तासात करते, ही माहिती मामांनी मला त्याच दिवशी दिली. फायरिंगच्या प्रत्येक दिवशी ते छत्री घेऊन बांधावर यायचे. प्लॅस्टर निघाल्यावरही. भीती गेली नाही. पण ती असताना दुसरंही काही दिसतं, एवढं मला जमू लागलं. मी पुण्याला गेलो नाही.

दसऱ्याच्या आधी फुलं तोडताना कमलला दत्तूचं सगळं सांगितलं. पुन्हा एकदा चेक कर, हे शब्दही. तीन वर्षांत पहिल्यांदा. ती तोडता तोडता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "उद्या सिन्नर."

गाडी फुल नव्हती. पुढे जीपही लगेच मिळाली. दत्तूच्या आई, काकू, ओट्यावर बाजरी निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, वेळेसकट. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"चिडला हुता का रे तो तुझ्यावर?"

"हो. कान साफ करा म्हणाला."

काकूंना हसू फुटलं. मग पदर तोंडाशी गेला. "माझ्यावर बी असाच खेकसायचा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आम्हा दोघांना ओट्यावर बसवलं. मी दत्तूच्या फोटोपुढे पांढरी शेवंती ठेवली.

लान्स नाईक दत्तू. लाइनमन. वय सव्वीस. त्याने जोडलेल्या लाइनवरून त्या दिवशी अंधार पडेपर्यंत तोफांना फायर ऑर्डर जात होत्या. तार पुन्हा तुटली नाही.

परतीच्या गाडीत नाशिकरोड जवळ आलं तेव्हा कमल म्हणाली, "काकूंनी तीनदा जेवायला बसा म्हटलं, तीनदा तुम्ही उठून सॅल्यूट ठोकलात. दिवाळीला येतो असं मी सांगून आलेय. तेव्हा जेवा."