लेकीचं झाड

आमच्याकडे लेकीला लग्नात मोहाचं झाड देतात. झाड म्हणजे त्याची फुलं. खालची जमीन मुलाची, बांध मुलाचा, उद्या झाड पडलं तर लाकूडही मुलाचं. फक्त चैतात जो मोह गळेल तो लेकीचा. माझ्या लग्नात बाबांनी तलावाच्या पाळीवरचं, म्हणजे मातीच्या बंधाऱ्यावरचं, मोठं झाड मला दिलं, तेव्हा मला रागच आला होता. माझ्या मैत्रिणींना कपाट मिळालं, पलंग मिळाला, आणि मला मिळालं एक झाड. तेही घरी नेता न येणारं.

बाबांची हुशारी फार उशिरा कळली. कपाट घेऊन मुलगी एकदाच जाते. झाड नेता येत नाही, म्हणून तिला दरवर्षी यावं लागतं, आणि भावाला तिला बोलवावं लागतं. "मोह वेचायला जाते" म्हटलं की सासरच्यांनाही नाही म्हणता येत नाही. बाबा होते तोवर होळी झाली की त्यांचा निरोप यायचा. ते गेल्यावर धाकटा भाऊ फोन करू लागला: "बाई, मोह पडून राहिला, ये." आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. मी गोंदियात शाळेत शिकवते. परीक्षेचे पेपर, निकालपत्रकं, मुख्याध्यापकांच्या कपाळावरच्या आठ्या, सगळं सांभाळून मी चार दिवस काढायचेच. नवरा चेष्टा करायचा, "एवढा मोह बाजारात टोपलीभर मिळतो, त्याच्यासाठी रजा?" त्याला काय सांगणार? बाजारात मोह मिळतो, माहेर मिळत नाही.

मोह पहाटे गळतो. उजाडताना झाडाखाली गेलं की टपटप आवाज येत असतो, आणि वास इतका दाट की उपाशीपोटी गेलं तर मळमळतं. फुलं पिवळसर, रसाने फुगलेली, बोटांना चिकटणारी. आदल्या दिवशी खालचा पाला झाडून ठेवायचा, म्हणजे वेचायला सोपं जातं. पाळीवर बसलं की समोर पूर्ण तलाव दिसतो. उन्हाळ्याकडे पाणी मागे सरकतं, काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो, त्यात बगळे आणि शेकाट्या पाय उचलून उचलून चालतात. उत्तरेला जाणारी बदकं अजून गेलेली नसतात. कधीतरी पलीकडच्या धानाच्या रिकाम्या बांधीत सारसांची जोडी उतरते आणि मोठ्याने ओरडते. पळस संपत आलेला असतो, कुसुमाला नवी लाल पालवी फुटलेली असते. मी हे सगळं पाहायला म्हणून कधी गेले नाही. मी मोह वेचायला जायचे आणि हे समोर असायचं.

आता हे पाहायला लोक येतात. जवळच्या बोदलकशाच्या पर्यटनस्थळी येणाऱ्या गाड्या हळूहळू आमच्या तलावाकडेही वळू लागल्या, आणि माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. शेतीत त्याचं मन कधीच नव्हतं, बोलण्यात मात्र तो कुणाला हार जाणारा नाही. त्याने पाळीच्या खाली वैनगंगेची रेती आणून पसरली, चार रंगीत छत्र्या रोवल्या आणि त्याला 'बीच' म्हणू लागला. गोंदिया जिल्ह्यात बीच! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोट धरून हसले. भावालाही हसू आलं. "हस तू," तो म्हणाला, "पण नागपूरचे लोक त्याच्यावर लोळून राहिले ना." खरंच लोळत होते. त्याचं बरं चाललं होतं, भावजयीच्या चेहऱ्यावर रया आली होती, आणि मला त्याचं कौतुकही होतं. खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी होळी झाली, रंगपंचमी झाली, फोन आला नाही.

मी वाट पाहिली. पाळीवरचं झाड कधी गळायला लागतं हे मला शहरात बसूनही कळतं. शाळेच्या मागचा मोह गळायला लागला की दोन-चार दिवसांत तेही गळतं. शाळेच्या मागे सडा पडला तरी फोन नाही. मी स्वतःहून करायला हवा होता असं कुणी म्हणेल. पण मानाचं बोलावणं मागून घेता येत नाही. शेजारीण गॅलरीतून विचारायची, "भाभी, इस साल मायके नहीं गयीं?" मी म्हणायचे, "जाना है, छुट्टी नहीं मिल रही." रजा मंजूर होऊन माझ्या पर्समध्ये पडली होती. नवऱ्याने एकदाही चेष्टा केली नाही, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

शेवटी निघाले. तिरोडा स्टेशनवर उतरले तर न्यायला कुणी नव्हतं, असणारही नव्हतं. ऑटोने गावात आले. भावजय अंगणात पत्रावळी मोजत होती. मला पाहून ती उठली खरी, पण तिचा चेहरा उतरला.

"बाई, तुमी? फोन नाई केला?"

"फोन तर तुमीच करता ना दरवर्षी."

तिने पाणी दिलं, चहा दिला. बाबांच्या खोलीत, जिथे मी नेहमी निजायचे, तिथे पाहुण्यांच्या बॅगा होत्या. दारावर रंगीत फळा लावला होता: 'वसंत दर्शन'. खाली कार्यक्रम लिहिलेला: बीचवर सूर्योदय, पक्षी पाहणे, मोह वेचण्याचा अनुभव, पत्रावळीवर जेवण, बोटीतून फेरी. मी तिसरी ओळ दोनदा वाचली. आमच्या तलावावर दुसरी मोहाची झाडंही आहेत, त्यातलं एखादं असेल असं मी स्वतःला सांगितलं. मी निजायला धानाच्या खोलीत गेले.

सकाळी भावजयीकडून टोपली घेतली आणि पाळीकडे निघाले. झाडाखालचा पाला साफ झाडलेला होता. मी नव्हता झाडला. झाडाभोवती दोरी बांधली होती, आणि दोरीच्या आत दहा-बारा माणसं नव्याकोऱ्या चिमुकल्या टोपल्या घेऊन वाकलेली होती. कुणाच्या गळ्यात दुर्बीण, कुणाच्या डोक्यावर टोपी. एक बाई फूल नाकाशी नेऊन "ई, कसला वास!" म्हणत होती आणि एक गृहस्थ हळूच विचारत होते, याची दारू कुठे मिळेल. मधोमध माझा भाऊ, डोक्याला पागोटं बांधून. आमच्या घरात आजपर्यंत पागोटं कुणी बांधलं नाही. तो सांगत होता की या झाडासाठी आमचा आजा अस्वलाशी लढला. आमचा आजा तलाठ्याला घाबरायचा, अस्वल तर दूरच.

त्याने मला पाहिलं. बोलता बोलता थांबला, आणि लगेच पुन्हा सुरू झाला. मी दोरी ओलांडून आत गेले आणि माझ्या नेहमीच्या जागी, बुंध्याच्या उगवतीच्या बाजूला, वेचायला बसले. मी का उठावं? झाड माझं होतं.

दुर्बीणवाली बाई माझ्याजवळ आली. चांगली होती ती, हसतमुख. म्हणाली, "आम्ही समुद्राकाठचे आहोत हो, पण आमच्याकडे आता इतकी शांतता कुठे राहिली?" मग भावाकडे वळून तिने विचारलं, "या कोण?"

मी मान वर केली. इतक्या साध्या प्रश्नाचं उत्तर तो काय देतो, ते मला ऐकायचं होतं.

"या आमच्या गावच्या मावशी," माझा भाऊ म्हणाला. "लहानपणापासून मोह वेचतात."

त्याला चड्डी घालायला शिकवली ती मी. आई शेतात असायची तेव्हा त्याला काखोटीला मारून याच पाळीवर हिंडले. त्याची पहिली पाटी म्हणजे मी पुसून दिलेली माझीच पाटी. आणि मी गावची मावशी! अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तोंड उघडणार होते, पण लहानपणी मार खाण्याआधी तो जसा माझ्याकडे पाहायचा, तसंच त्याने पाहिलं. मी पुन्हा फुलं वेचू लागले.

दुर्बीणवाल्या बाईंना माझा फोटो हवा होता. "मावशी, टोपली अशी धरा. हां. आणि चष्मा काढाल का जरा? फोटोत बरा नाही वाटत."

मी चष्मा काढला. चष्म्याशिवाय मला फुलं दिसत नाहीत, पाला आणि फूल एकच दिसतं. तशीच टोपली धरून बसले आणि समोर जे धूसर काही हलत होतं त्याच्याकडे पाहून हसले.

तासाभरात पाहुण्यांनी झाडाखाली काही ठेवलं नाही. अर्धी फुलं पायाखाली चेंगरली, अर्धी त्यांच्या टोपल्यांत गेली. त्या टोपल्या नंतर छत्रीखाली तशाच पडून राहिल्या. उन्हात फुलं काळी पडली, वर माशा बसल्या. सगळे पक्षी पाहायला गेले होते.

दुपारी जेवणं आटोपल्यावर भाऊ पाळीवर आला. त्याने पागोटं सोडलं आणि त्याच कापडाने तोंड पुसलं.

"तुले राग आला का, बाई?"

"मी कोण हाये ते सांग आधी."

"आता असं नको करू," तो म्हणाला. "मी का सांगू त्याइले? का माही बहीण मास्तरीण हाये, गोंदियात फ्लॅटमध्ये राहते म्हणून? ते लोक जंगलातली बाई पाहाले येतात. मास्तरीण तर त्याइच्या घरी बी हाये."

"अन् माझा मोह?"

"तुले किती लागते मोह? मी देतो ना पोतंभर. इकत घेऊन देतो."

इतकी वर्षं मी मोहासाठी येते असं त्याला खरोखर वाटत होतं. हे मला जास्त लागलं. तो वाईट माणूस असता तर मी भांडून मोकळी झाले असते. त्याने मला लुबाडलं नव्हतं, त्याला फक्त काही कळलं नव्हतं. मी म्हटलं, "फोन काऊन नाही केला मले?"

त्याने तलावाकडे तोंड फिरवलं. "केला असता तर तू आली असती ना," तो म्हणाला. मग माझा चेहरा पाहून त्याने घाईघाईने शब्द फिरवला. "तसं नाही, बाई. पण सकाळी पाहुण्याईले तू लय आवडली. सच सांगतो. पुढच्या साली फोन करतोच मी. तू येजो. फक्त लुगडं नेसून येजो, अन् चष्मा घरी ठेवजो."

मी त्याच दिवशी परतले. गाडीत जागा मिळाली, पण मी दारात उभी राहिले. घरी नवऱ्याने मोह कुठे म्हणून विचारलं, तर म्हटलं, या वर्षी झाड कमी गळलं.

वर्षभर मी भावाशी मनात भांडत होते. शाळेत फळ्यावर लिहिताना, भाजी निवडताना, त्याला सुनवायची वाक्यं तयार व्हायची. काही फार छान जमली होती. राखीला तो आला, मी राखी बांधली, दोघंही या विषयावर बोललो नाही. जायचंच नाही असं मी ठरवून टाकलं होतं. पण एका चैतात गेलं नाही की दुसऱ्या चैताला कुणी बोलावत नाही, तिसऱ्याला झाड कुणाचं होतं हेही कुणाला आठवत नाही, आणि मग गोंदियातल्या माझ्या दारातून बाहेर पडून जायला मला एकही गाव उरत नाही. याचा विचार आला की ती छान छान वाक्यं गळून पडायची.

यंदा होळी झाली आणि फोन आला. "बाई, शनिवारी पाहुणे येऊन राहिले. येशील ना?"

मी ट्रंकेतून आईचं लुगडं काढलं. मला नेसता येत नव्हतं, गावी पोचल्यावर भावजयीने नेसवलं. नेसवताना तिने एकदाही माझ्याकडे वर पाहिलं नाही. चष्मा मी तिच्याच हातात दिला.

पाळीवर नवे पाहुणे होते. भावाने तेच अस्वल पुन्हा मारलं. मी वेचत होते, म्हणजे हाताने चाचपून जे मऊ लागेल ते उचलत होते. एक तरुण बाई माझ्या बाजूला उकिडवी बसली आणि तिने अगदी मनापासून विचारलं, "मावशी, हे झाड तुमचं आहे का हो?"

भाऊ बोलायचा थांबला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता.

"नाही, मालकांचं आहे," मी म्हटलं, "मी नुसती वेचायला येते." आणि माझ्या ओंजळीतली फुलं तिच्या टोपलीत टाकली.