पलंगामागची भिंत

नवरा गेला त्याला अडीच महिने झाले होते. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं आणि भोपाळहून बदलून आलेली माणसं घरासाठी दारोदार फिरत होती. धाकट्या दिरांनी ठरवलं की पुढच्या तीन खोल्या भाड्याने द्यायच्या आणि मी अन् माझ्या मुलीने मागच्या दोन खोल्यांत राहायचं.

"वहिनी, एक साहेब तयार आहेत. पण रंग पायजे म्हणून राहिले."

"लावून घ्या मग," मी म्हटलं.

दोन दिवसांनी पेंटर आला. साठीचा माणूस, एकटाच, चष्म्याला दोरी. "दीदी, पहले दीवारें देखूँगा, फिर बताऊँगा," म्हणाला आणि चपला काढून आत आला.

बैठकीच्या भिंतीवरून त्याने तळहात फिरवला. हात पांढरा झाला. म्हणजे जुना रंग भुकटी होऊन सुटत होता, सगळा खरवडावा लागणार. खिडकीजवळ हात काळा झाला. आमचं घर भनपुरीकडे, उरला भागातल्या कारखान्यांची काजळी रोजची. मग तो बोटाच्या पेराने ठोकत निघाला. जिथे पोकळ वाजलं तिथे खडूने गोल काढला. मी मागे मागे चालत होते. तो सांगायचा, मी मान हलवायची.

पुढच्या तीन खोल्यांतलीच एक आमची निजायची; तिथे त्याने पलंग सरकवला. मागे भिंतीवर एक काळपट, तुकतुकीत डाग होता, दोन तळहातांएवढा. यांना दमा होता. शेवटचे आठ महिने आडवं होता येत नव्हतं, म्हणून रात्रंदिवस त्या भिंतीला डोकं टेकून बसायचे. केसांना तेल मीच लावायची.

पेंटरने डागावर अंगठा घासला, हुंगला. "तेल है. इस पर रंग नहीं पकड़ेगा. सोडे से धोना पड़ेगा. कोई टेककर बैठता था?"

"हव," मी म्हटलं.

त्याच भिंतीच्या कोपऱ्यात, जमिनीजवळ प्लास्टर फुगलं होतं. पलीकडे न्हाणीघर. त्यावर त्याने प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवला. "दो दिन मत छूना. अंदर पानी जमा तो समझो सीलन है." म्हणजे भिंतीत ओल.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी बादलीत धुण्याचा सोडा कालवला आणि तो डाग धुवायला बसले. कोणी सांगितलं नव्हतं. तेराव्यापर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, हे पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायका माझ्यासमोरच बोलल्या होत्या. वाटलं, आता येईल. आलं नाही. नुसते हात दुखले. तपकिरी ओघळ मी जुन्या लुगड्याच्या फडक्याने टिपत होते.

मुलगी कॉलेजातून आली आणि दारातच थांबली. "मम्मी, क्या कर रही हो? पेंटर करेगा ना."

"काहून, मले नाही जमत का?"

तिने पिशवी खाली ठेवली, दुसरं फडकं घेतलं. थोडा वेळ घासलं. मग ओल्या भिंतीला कपाळ लावून मोठ्याने रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा माझ्या मनात काय होतं ते मला स्वच्छ आठवतं: संध्याकाळसाठी तांदूळ निवडायचे राहिलेत.

तिसऱ्या दिवशी पेंटरने प्लास्टिक काढलं तर आतून थेंब. नळ भिंतीतच पाझरत होता. "नल सुधारो, प्लास्टर तोड़ो, फिर सूखने दो. बारिश निकलने दो. अभी लगाऊँगा तो पपड़ी छूटेगी." हाताची भुकटी पुसत तो निघून गेला.

दीर चिडले. "साहेब काय चार-पाच महिने थांबतात? दुसरा पेंटर आणतो, आठवड्यात करून देईल."

"नको. सुकू द्या," मी म्हटलं.

साहेबांनी दुसरीकडे घर घेतलं. आमच्याकडे गवंडी आला, नळ बदलला, कोपरा विटांपर्यंत उघडा केला. तो उन्हाळा आणि अख्खा पावसाळा आम्ही दोघी त्याच निजायच्या खोलीत झोपलो.

दसऱ्याच्या सुमारास पेंटर परत आला, भिंत ठोकून पाहिली आणि "अब ठीक है" म्हणाला. रंग मुलीने निवडला. मलाही विचारलं होतं तिने, दोन-तीन पट्ट्या दाखवून. मी म्हटलं, "कोणताही चालन."