‘ह’वरची जपानी गाणी

गाण्याच्या भेंड्यांत सगळ्यात अवघड अक्षर कोणतं, असं विचारलं की लोक ‘ठ’ किंवा ‘ढ’ म्हणतात. असे लोक कधी ईर्ष्येने खेळलेले नसतात. ‘ठ’ संध्याकाळभरात एकदा येतो, आला तर. खरा छळ ‘ह’चा. निम्मी हिंदी गाणी ‘है’वर नाहीतर ‘हो’वर येऊन थांबतात, त्यामुळे समोरचा पक्ष एकामागून एक ‘ह’ टाकत राहतो आणि जेवायची वेळ होईपर्यंत तुमच्याकडची ‘ह’ची गाणी पार खरवडून संपलेली असतात.

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमध्ये आमचा मोजक्या मराठी घरांचा गट होता. महिन्यातल्या एका शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमायचं, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा आणि जेवणाआधी भेंड्या खेळायच्या, बायका विरुद्ध पुरुष. बायकांची कॅप्टन मी. मला हरायला आवडत नाही. नवरा सगळ्यांना सांगायचा, “हिला पत्त्यांत हरवलं की दोन दिवस आमटीत मीठ नसतं.” हे खोटं आहे. एकदाच झालं होतं.

पंच म्हणजे आमचे काका. गटात सगळ्यात वडीलधारे, हृदयाचे डॉक्टर म्हणून आयुष्य इथेच काढून निवृत्त झालेले. या भागात कोथिंबिरीची जुडी मिळायची नाही त्या काळात ते आले होते, त्यामुळे आमच्या कुठल्याच तक्रारीचं त्यांना कौतुक नव्हतं. नियम कडक होते. गाण्याचा मुखडाच पाहिजे, मधलं कडवं चालणार नाही. आरती एकदाच. जाहिरातीचं गाणं बाद. बोट वर करून ते दहापर्यंत मोजायचे, आणि दहा झाले की भेंडी चढली. मग देवाने रदबदली केली तरी उतरायची नाही.

आमची लेक तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. “जेवलीस का?” असं विचारलं की “आय अ‍ॅम गुड.” भेंड्या चालू असताना ती सोफ्याच्या कोपऱ्यात हेडफोन लावून बसायची. जपानी कार्टून बघता बघता तिला जपानी गाण्यांचा नाद लागला होता. खोलीत आडवी पडून तासन्‌तास म्हणायची. मला राग यायचा. आईची भाषा बोलायला जीभ वळत नाही आणि ज्या देशाशी आपलं घेणं ना देणं, तिथली गाणी तोंडपाठ!

एका शनिवारी आमच्यावर ‘ह’ आला. आमच्याकडे काही उरलं नव्हतं. काका सातपर्यंत पोचले होते, समोर पुरुष मंडळी टाळ्या वाजवायच्या तयारीत. तेवढ्यात लेकीने हेडफोन काढले आणि सरळ एक जपानी गाणं म्हणायला सुरुवात केली. पुरुषांनी एकच ओरडा केला.

“हे काय यार! चीटिंग आहे ही!”

“इट्स विथ ह,” लेक म्हणाली.

काकांनी चौकशी आरंभली. मुखडा ‘ह’ने सुरू होतो का? नव्हता होत. गाण्याचं नाव ‘हा’ने सुरू होत होतं, आणि ते नाव पहिल्या ओळीत कुठेच नव्हतं. तिचं म्हणणं असं, की तिकडे गाण्याला नाव वेगळं ठेवतात, माणसाला ठेवतात तसं. काकांनी डोळे बारीक केले, कुणाचा ईसीजी बघत असल्यासारखे.

“जपानी गाण्याचं नाव धरू,” ते म्हणाले. “पण पंचाला अर्थ कळला पाहिजे. अर्थ मराठीत सांगायचा. एखादा शब्द अडला तर आईला विचारायचा, पण शब्दच. वाक्य तुझं तू करायचं. आणि इंग्रजी आलं की गाणं बाद.”

ती लाल झाली. “एक मुलगा आहे,” तिने सुरुवात केली. “तो पावसात उभा आहे. तो खूप...” आणि माझ्याकडे बघितलं. “रिग्रेट?”

“पस्तावला,” मी म्हणाले.

“तो खूप पस्तावला. कारण त्याने तिला फोन नाही केला.”

पॉइंट आमचा झाला. माझ्या लेकीच्या तोंडून सलग तीन मराठी वाक्यं मी पहिल्यांदा ऐकली ती अशी, एका जपानी मुलाच्या पस्ताव्यामुळे. मला पॉइंटचा जास्त आनंद झाला की वाक्यांचा, ते आजही सांगता येणार नाही. बहुतेक पॉइंटचा.

त्यानंतर आमची तयारी सुरू झाली. तिला शाळेतून आणताना गाडीत फक्त ‘ह’. हाना म्हणजे फूल, होशी म्हणजे तारा, हिकारी म्हणजे उजेड, हारु म्हणजे वसंत. या शब्दांनी सुरू होणारी किती गाणी त्या लोकांनी करून ठेवली आहेत, विचारू नका. सगळा देश जणू आमच्या भेंड्यांसाठी राबत होता. ती गाणं लावायची, मी अर्थ विचारायची, ती मराठीत जमवायची, अडली की मी शब्द पुरवायची. हुरहूर हा शब्द तिला इतका आवडला की ती होमवर्कचीसुद्धा हुरहूर लागली म्हणायची. पुरुषांनी सूड म्हणून एकाच्या मुलाला कोरियन गाणी घेऊन उभं केलं, पण त्या बिचाऱ्याचं मराठी ‘बस’ आणि ‘पाणी’ एवढ्यावरच संपलं.

एक गोष्ट मला गाडीतच कळली. आपल्याकडे वसंत आला की कोकिळा, प्रेम वगैरे. जपानी वसंताच्या गाण्यांत मात्र सगळे कुठेतरी निघालेले. तिकडे शाळा-कॉलेजं वसंतात संपतात आणि नोकऱ्याही तेव्हाच लागतात, असं लेकीने सांगितलं. “म्हणून सगळे रडतात, आई. झाडांना फुलं, आणि खाली सगळे रडतात.” मी म्हटलं, छान आहे, अजून एक शोध ‘हा’वरचं.

त्या दुपारी आठवल्या की अजून जीव गलबलतो. शाळेबाहेर गाड्यांची लांबच लांब रांग, पुढच्या सीटवर तिचं दप्तर, आणि आम्ही दोघी जोरजोरात, चुकीच्या सुरांत जपानी म्हणतोय. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण लेक माझ्याशी मराठीत बोलत होती.

पुढे ती कॉलेजात गेली, जपानी रीतसर शिकली आणि पदवी हातात पडताच घरात जाहीर केलं की जपानमधल्या एका लहानशा गावात शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली आहे. “फक्त एक वर्ष, आई.”

मी माझ्या आईला ‘दोनच वर्षं’ सांगून निघाले होते. त्या दोन वर्षांत इथे घर झालं, लेक झाली, केस पांढरे झाले. असल्या वर्षांची लांबी मला ठाऊक होती. मी तिला म्हणाले, “जा. पण मी काही एअरपोर्टवर येणार नाही.” तिला वाटलं मी रागात बोलले. मी खरंच ठरवलं होतं. तिची पाठ आत दिसेनाशी होताना बघायची माझ्यात ताकद नव्हती. ती “ओके” म्हणाली. मग कितीतरी दिवस आम्ही चार्जर आणि मोजे याशिवाय कशावर बोललो नाही.

ती जायच्या आदल्या शनिवारी नवऱ्याने मला न विचारता सगळ्यांना घरी बोलावलं. सगळे म्हणजे उरलेले. एक कुटुंब अर्विंगला राहायला गेलं होतं, एक लेकाजवळ पिस्कॅटवेला. काका काठी टेकत आले. माझं लक्ष नव्हतं, मी नुसतीच माणसांत बसले होते. नवऱ्याने ‘है’वर संपणारं गाणं म्हटलं, आणि माझ्याकडे न बघता लेकीकडे बघितलं.

ती उठून उभी राहिली. हे गाणं मी कधी ऐकलं नव्हतं. ‘हारु’ तेवढं कळलं.

“अर्थ,” काका म्हणाले.

“एक मुलगी आहे,” ती म्हणाली. “तिला लांब नोकरी लागली आहे. वसंत आहे. ती स्टेशनवर उभी आहे, बॅग घेऊन. गाडी येते. तरी ती मागे बघते. तिला वाटतं, तिची आई...” ती थांबली. “आई, सी-ऑफ करायला, त्याला काय म्हणतात?”

काकांचं बोट वर होतं, पण ते मोजत नव्हते.

“पोचवायला,” मी म्हणाले.

“तिला वाटतं, तिची आई पोचवायला येईल.”

“मग? येते?” काकांनी विचारलं.

“गाण्यात नाही सांगितलं.” ती माझ्याकडे बघत होती. “तू येशील?”

एवढ्या माणसांत मी कधी रडले नव्हते, ते त्या दिवशी झालं. “येईन,” मी म्हणाले. “आणि परत आणायलाही मीच येईन.”

तिला जाऊन आता तिसरा उन्हाळा चालू आहे. फोनवर ती सगळं सांगते, मराठीत, शब्द न अडता. आणायला ये, असं अजून म्हणालेली नाही. मीही विचारत नाही.