झालेली किती?

शैलाताई गेल्या त्याला आता दीड महिना होईल. फोन आला तेव्हा मी दिघीत एका इमारतीच्या जिन्यात होते, सर्वेक्षणाचे कागद हातात. "ताई गेल्या गं..." एवढंच ऐकू आलं. दहा वर्षं काहीही अडलं की मी त्यांनाच विचारायचे. त्या क्षणीसुद्धा पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आता काय करायचं ते ताईंना विचारू.

ताई आमच्या भागातल्या आरोग्यसेविका, मी त्यांच्या हाताखालची आशा सेविका. पहिल्या आठवड्यात मी मोठ्या तोऱ्यात चाळीस घरं उरकून आले. ताईंनी कागद चाळले आणि विचारलं, "बायकांना काय विचारलंस?"

"मुलं किती आहेत, म्हणून."

"आहेत किती ते शेजारीणही सांगेल. झालेली किती, ते विचार. जा परत."

चाळीसही घरं पुन्हा! मी रडवेली झाले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या डब्यातली पोळी माझ्यापुढे सरकवली आणि समजावलं. जन्मदर म्हणजे वर्षभरात हजार लोकांमागे जिवंत जन्मलेली बाळं. एक श्वास घेतला तरी ते बाळ त्यात आलं. वर्षाचं व्हायच्या आत गेलं, तर अर्भक मृत्युदरातही आलं. "दोन्हीकडे लिहायचं. नाहीतर ते आलंच नव्हतं असं होतं गं." हे सांगताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, माझ्या अडाणीपणाला कंटाळल्या.

प्रश्न विचारला की पेनला टोपण लावायचं आणि गप्प बसायचं, ही त्यांची रीत. गावठाणातल्या एका घरात सून मान खाली घालून बसली होती, उत्तर सासूच देत होती. "येकच हाय की पोरगा. त्ये पयलं धरायचं न्हाई, बारसंबी झालं न्हवतं त्याचं." ताईंनी सासूकडे पाहिलंच नाही. सुनेला म्हणाल्या, "रडलं होतं का गं बाळ?" बराच वेळ गेला. मी घड्याळ बघत होते. मग ती हळूच म्हणाली, "व्हय... लई रडली." ताईंनी टोपण काढलं. "मग धरायचं." बाहेर आल्यावर मला टपली मारली, "तुला कसली घाई? चाकणच्या कंपनीची बस चुकणार होती का तुझी?"

ताईंचं स्वतःचं घर माझ्याच यादीत होतं. दरवर्षी त्यांच्याकडे चहा पिता पिता मी त्यांची ओळ भरून टाकायचे. मुलगा मला ठाऊक होता, विचारायचं काय त्यात? झालेली एक, असलेली एक. ताई समोर बसलेल्या असायच्या, काही बोलायच्या नाहीत.

त्या गेल्यावर निधनाची बातमी मीच लिहून दिली. त्यांच्या पश्चात पती, एक मुलगा, सून असा परिवार आहे. तेराव्याला गेले तेव्हा अण्णांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, हातात ते कात्रण होतं.

"चांगलं लिहिलंस पोरी. फक्त... आम्हाला दोन झाली. पहिली मुलगी. सहा दिवसांची होऊन गेली. पश्चातमध्ये ती बसत नाही, कळतं मला... शैलानं कधी सांगितलं नाही तुला?"

नाही सांगितलं. कारण मी विचारलं नाही. हजारो बायकांना आम्ही दोघींनी मिळून विचारलं, आणि जिनं विचारायला शिकवलं तिच्यासमोर दहा वर्षं बसून मी बिस्किटं खात राहिले. त्या वाट बघत असतील का? दरवर्षी? आता माफी मागायला माणूसच उरलेलं नाही.

निघताना अण्णांनी त्यांचं पेन माझ्या हातात दिलं. टोपणावर दातांच्या खुणा आहेत. घरी येऊन मी यंदाची वही उघडली, ताईंच्या घराची ओळ काढली. झालेली या रकान्यातला एक खोडला आणि दोन लिहिले. मग टोपण लावलं आणि कितीतरी वेळ तशीच गप्प बसून राहिले, त्या बसायच्या तशी.