तात्यारावांचं तीन किलो प्रेशर

बिदर शहरात, मैलूरच्या आमच्या गल्लीत तात्यारावांना सगळे प्रेशरचा माणूस म्हणतात. शहराबाहेर कोळारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात बॉयलर चालवला. प्रेशरचा काटा दहा किलोच्या खाली आला की ते हातातला घास टाकून धावायचे. निवृत्त झाल्यावरही ही सवय गेली नाही. कुकरच्या शिट्टीला उशीर झाला तरी ते उठून स्वयंपाकघरात डोकावत, आणि त्यांच्या पत्नी शोभाबाई म्हणत, "वरण शिजायलंय. तुमी बसा."

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी पेट्रोलची कार घेतली. इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोलचा फवारा मारणारी, इंजिनं नवी नवी निघाली होती, त्या काळातली. काही दिवस बरी चालली. मग तापली की चालू व्हायला कुरकुर करू लागली आणि आत पेट्रोलचा भपकारा येऊ लागला. शोभाबाई नाकाला पदर लावून बसायच्या.

कोळारच्या रस्त्यावर लिंगराजचं गॅरेज आहे. त्यानं बॉनेट उघडून एक बारीक नळी उपसली, तर तिच्यातून पेट्रोल ठिबकलं.

"रेग्युलेटर गेलाय, अण्णा. पंपानं पाठवलेल्या पेट्रोलचं प्रेशर हा सांभाळतो, जास्तीचं टाकीत परत धाडतो. ह्याच्या आतला पडदा फाटलाय. पेट्रोल ह्या नळीतनं सरळ इंजिनात जायलंय."

"मग नवा टाक की."

"ह्या गाडीचा आता निघत न्हाई."

उदगीर झालं, कलबुर्गी झालं. शेवटी हैदराबादच्या एका दुकानात सगळ्या गाड्यांना चालणारा रेग्युलेटर मिळाला. निळा, चकचकीत, वर प्रेशर कमी-जास्त करायचा स्क्रू आणि बाजूला काट्याचं छोटं घड्याळ. ते घड्याळ बघून तात्यारावांचा चेहरा असा खुलला की शोभाबाईंना लग्नातला फोटो आठवला.

लिंगराजनं तो उलटासुलटा करून पाहिला. "सगळ्याला बसतो म्हंजे कशालाच बसत न्हाई," तो म्हणाला.

तसंच झालं. जुना रेग्युलेटर पेट्रोलच्या पाइपाला थेट चिकटून बसायचा, नव्याची तोंडंच वेगळी. मग लिंगराजनं लेथवर एक पितळी जोड कातून घेतला, आत रबरी कडी बसवली, इंजिनामागच्या पत्र्यावर पट्टी ठोकून रेग्युलेटर तिच्यावर कसला आणि इंजेक्शनचं प्रेशर सोसणाऱ्या जाड नळ्या जोडल्या. बारीक नळी काढून तिचं तोंड बुजवलं, इंजिन चालू केलं आणि स्क्रू फिरवत काटा तीनवर आणला. नळी परत लावल्यावर काटा अडीचवर उतरला.

"पडलं की रे," तात्याराव म्हणाले.

"पडायलाच पायजे. ह्या नळीतनं इंजिन हवा ओढतंय. निवांत असलं की कमी, दाबलं की तीन. आता ह्याला हात लावू नगा."

तात्यारावांनी मान डोलवली. पण रात्री त्यांना झोप येईना. तीन किलो? दहा किलोचा बॉयलर चालवलेल्या माणसाच्या दारात तीन किलोची गाडी? आणि तीही अडीचवर उभी.

दुसऱ्या दिवशी बुद्ध पौर्णिमा होती. शोभाबाईंनी सकाळीच दोन पांढऱ्या साड्या आणि तात्यारावांचा पांढरा सदरा धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकला आणि त्या आंघोळीला गेल्या. तात्यारावांनी पाना घेतला. थोडंसंच, असं म्हणत म्हणत त्यांनी काटा पाचच्या पुढं नेला आणि अॅक्सिलरेटर दाबून धरला.

गाडीनं काळा धूर सोडला. तो आधी दोरीवर गेला, मग शेजारच्या बसव्वांच्या पापडांवर. इंजिन गचके खात बंद पडलं, तेव्हा शोभाबाई दारात उभ्या होत्या.

"काय करायलाव तुमी?"

"प्रेशर जरा वाढवून बघायलोय."

त्यांनी दोरीवरचे कपडे काढून झटकले. त्या दिवशी दोघं विहारात गेली ती तेच, पारवे झालेले कपडे घालून. कुणी विचारलं की शोभाबाई म्हणत, "ह्यास्नी इचारा."

लिंगराजनं काजळी धरलेले प्लग पुसले, काटा जागेवर आणला आणि स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका दिला. "हे बॉयलर न्हाई, अण्णा. हिला जास्त पाजलं की ही वकते."

पुढच्या महिन्यात मुडबीला लेकीच्या, मैत्रेयीच्या, बाळाचं नाव ठेवायचं होतं. गाडी मऊ चालत होती, वास गेला होता. पण काटा होता बॉनेटखाली, आणि तात्यारावांचा जीव काट्यात. जरा चढ लागला की गाडी बाजूला. एकट्याला बॉनेटखाली बघणं आणि अॅक्सिलरेटर दाबणं जमेना, म्हणून दर वेळी शोभाबाईंनी सरकून पाय द्यायचा. हल्लीखेडच्या अलीकडं त्या झबल्याची पिशवी घेऊन खाली उतरल्या.

"कुठं चाललीस?"

"बसनं. आधार कार्ड दावलं की बायांना फुकट नेतेत. मधी उतरून इंजिनात बघत न्हाईत."

बस आली, त्या गेल्या. तात्यारावांनी पुन्हा बॉनेट उघडलं. मोटारसायकलवरून जाणारा एक जण थांबला.

"काय झालं, अण्णा?"

"प्रेशर बघायलोय. निवांत बसलं की अडीचवर येतंय."

त्या भल्या माणसानं त्यांना हाताला धरून लिंबाखाली बसवलं, शेतातून ताक आणून पाजलं आणि वर सांगितलं, "ह्या वयात एकट्यानं फिरू नगा. माझ्या सासऱ्याचं बी असंच पडत होतं." तात्यारावांनी समजावून पाहिलं, पण तो त्यांना उठूच देईना.

मुडबीला पोचले तेव्हा पाळणा हलून गेला होता. नाव ठेवलं होतं आणि शेवटची पंगत उठायला आली होती. जावई बुद्धरत्ननं ताट वाढलं.

"गाडी वाटेत एकदाबी बंद पडली न्हाई," तात्याराव अभिमानानं म्हणाले.

"व्हय," शोभाबाई म्हणाल्या, "ह्येंनीच दर खेपेला बंद केली."

सगळी पंगत हसली. तात्यारावही हसले, पण जरा उशिरानं.

येताना शोभाबाई गाडीत बसल्या, बॉनेट उघडायचं नाही या अटीवर. हुमनाबादच्या चढाला तात्यारावांच्या कपाळावर घाम आला. शोभाबाईंनी खिडकीची काच खाली केली आणि बाळाचं नाक कुणावर गेलंय ते सांगायला सुरुवात केली. बिदर येईपर्यंत नाकाचा निकाल लागला नाही आणि काट्याची गोष्टही निघाली नाही.

हल्ली जुन्या इंजेक्शनच्या गाड्या घेऊन लोक लिंगराजकडं येतात, बाहेरचा रेग्युलेटर बसवून मागतात. तात्याराव रविवारी तिथं खुर्ची टाकून बसतात आणि मोठ्यानं काटा वाचून सांगतात. लिंगराजला त्याची मदत होते. पाना मात्र तो त्यांच्या हातात देत नाही.