काकांचं मधलं बोट

एका बोटाचा एवढा तोरा मिरवणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा झाला नसेल. हे माझ्या मावशीचे यजमान, आमचे काका. वाडीच्या भजनी मंडळाचे पेटीवाले. पेटीवाले म्हणजे कसे, तर बुवांनी काळी दोनमध्ये अभंग धरावा आणि काकांना त्या दिवशी पांढरी चार बरी वाटावी. मग बुवांनीच मुकाट्याने गळा ताणायचा. "बुवा छप्पन मिळतील, पेटीवाला कुठून आणाल?" हे ते बुवांच्या तोंडावर विचारत. कुणी कौतुकाने पेटीला हात लावला, तर तो उठून जायच्या आत पंचाने पट्ट्या पुसत.

एका शिमग्यानंतर काकांना अर्धांगाचा झटका आला. माणूस वाचला, जीभ तर आधीपेक्षा जोरात चालू लागली. पण डावा हात रुसला. खांदा-कोपर कसंबसं हलायचं, बोटांत मात्र एकटी तर्जनी जिवंत. पेटीचा भाता मारायचा डाव्या हाताने, म्हणजे पेटी बंदच. मंडळाने पालीहून एक तरुण पेटीवाला आणला. काका ओटीवर बसून त्याचं ऐकायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "वाजवतोय की भाकऱ्या थापतोय?" डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. "मी काय पाळण्यातला आहे?" म्हणत काकांनी तो शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला. मावशी मात्र मला माजघरात घेऊन डोळे पुसत म्हणाली, "धड जेवत नाहीत रे. पेटी सुटली नि माणसाचा जीवच उडाला."

त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला. वैशाखात तो सुट्टीवर आला तो जपानी कीबोर्ड घेऊनच. याला भाता नाही. उजव्या हाताने चाल वाजवायची आणि डावीकडची एकच पट्टी एका बोटाने दाबायची, की तीन-चार सूर एकदम उमटतात. त्याला कॉर्ड म्हणतात, असं मुलाने सांगितलं. काकांनी तर्जनी टेकवली. ओटी भरून जाईल असा आवाज निघाला. काकांनी बोट उचलून डोळ्यांसमोर धरलं, निरखलं आणि जाहीर केलं, "बघितलंत? बाकीची चार म्हणजे खायला काळ नि भुईला भार!"

त्या दिवसापासून काकांच्या दारात येणाऱ्याची सुटका नव्हती. पोस्टमनला कॉर्ड, दूधवाल्याला कॉर्ड. मासेवाली एकदा कळवळून म्हणाली, "काका, बांगडे वास मारायला लागले, आता तरी सोडा!" भजनात तर एकदा त्यांचा हात कुठल्याशा बटणावर पडला आणि हरिपाठात नाचाचा ठेका सुरू झाला. बुवा आ वासून बघत राहिले. पखवाजवाल्याने मात्र तो ठेका खुशीत शेवटपर्यंत साथीला घेतला. बुवा त्याच्याशी दोन आठवडे बोलले नाहीत.

पण घोडं अडलं ते गणपतीवरून. आमच्या वाडीत गणपती पोचवायला निघण्याआधी मांडवात निरोपाचा अभंग होतो, आणि त्याला पेटी काकांचीच, ही वर्षानुवर्षांची रीत. आषाढातच बुवा घरी आले नि म्हणाले, "काका, राग मानू नका. तुमचं यंत्र नुसतं हसतं. देव चाललाय आणि हे लग्नाला आल्यासारखं! त्या दिवशी पालीवालाच बसू दे."

मुलाने कीबोर्डचं पुस्तक चाळलं. उदास कॉर्डसुद्धा होता, पण त्याला दोन पट्ट्या एकदम दाबायला हव्यात. मग त्यानेच युक्ती काढली: एकच बोट दोन पट्ट्यांवर आडवं टाकायचं. काका उसळले, "मेल्या, देवाला निरोप देताना पट्ट्यांवर लोळू?" मी म्हटलं, दुसरी पट्टी मी दाबतो. "माझ्या वाद्यावर तुझं बोट? त्यापेक्षा तो भाकऱ्या थापणारा बरा!"

आणि मग काकांनी मधल्या बोटाशी वैर धरलं. सकाळ-संध्याकाळ समोर बसून त्याला शिव्या. "ऊठ, आळशा! बापाचं खातोस?" मावशी कोमट तेल चोळायची, तिलाही ओरडा. कुत्र्याने चेंडू परत द्यायला साफ नकार दिला, तेव्हा बाजारातून नवीन आणवला. श्रावण सरला, तरी बोट ढिम्म.

गणपती पोचवायच्या दिवशी काका कुणाला न विचारता आपल्या जागी बसले. बुवांनी पालीवाल्याला खूण करून शेजारी पेटीसह तयार ठेवलं. अभंग सुरू झाला. पहिल्या ओळीला यंत्र हसलं. बुवांनी पालीवाल्याकडे बघितलं. दुसऱ्या ओळीला काकांचं मधलं बोट थरथरलं, हललं आणि पट्टीवर टेकलं. काळजात कालवाकालव व्हावी असा तो आवाज उमटला, आणि मांडवातले सगळेच्या सगळे चेहरे फुलले. पखवाजवाला ओरडला, "वा काका!" बुवा पुढची ओळ विसरले. मावशी रडत रडत हसत होती. बोट उचललं तर पुन्हा टेकणार नाही या भीतीने काकांनी ते तिथून हलवलंच नाही, आणि बुवांनी उरलेला अख्खा अभंग त्या एका कॉर्डवर निमूट गायला.

बाकीची बोटं काही परत आली नाहीत. काका मात्र त्यानंतर जिथे तिथे तोच कॉर्ड वाजवत. माझ्या मुलीच्या बारशालाही वाजवला. सासूबाई फणकारल्या तेव्हा म्हणाले, "हसरा फुकट मिळाला होता हो. हा मी कमावलाय." आता काका नाहीत. हल्ली बारशांना सगळं छान हसरंच वाजतं, आणि मला आपलं उगाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.